दुसऱ्याने कातलेलं सूत

एका रिकाम्या बाटलीमुळे कणकुंबीच्या नाक्यावर गाडीतून उतरायची वेळ माझ्यावर आली होती.

गोव्याहून परतत होतो. चोर्ला घाट चढून आलं की कणकुंबी लागतं. मलप्रभेचा उगम इथलाच आणि कर्नाटकच्या अबकारी खात्याचा नाकाही इथलाच. डिकीत काजू, सुकी मासळी, बायकोने घेतलेल्या मातीच्या कुंड्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बिअरची एक बाटली. शिपायाने ती उलगडली, उजेडात धरली, तोंडाशी नाक नेऊन पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "खाली याके?" रिकामी कशाला? भरलेली सापडली असती तर पुढे काय करायचं ते त्याला पाठ होतं. रिकामीचं कलम काही आठवेना. मागच्या सीटवरून भाचा म्हणाला, "लेबल चांगलंय सर, म्हणून." शिपायाने लेबल पाहिलं, मग भाच्याला पाहिलं, आणि बाटली तशीच उघडी माझ्या हातात ठेवून बॅरिकेड बाजूला केलं.

बाटली 'माका दी'ची. कोकणीत 'मला दे'. ती बनते डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्शाला, म्हणजे घाट उतरलं की फार लांब नाही. भाच्याने आदल्या रात्री ती घोट घोट करत संपवली होती आणि आता ती बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या खिडकीत ठेवायची होती, मनीप्लँट लावून.

भाचा बंगळुरात नोकरीला आहे. टोइटसारख्या ठिकाणी, जिथे काचेपलीकडे तांब्याच्या आणि स्टीलच्या टाक्या दिसतात आणि बिअर तिथल्या तिथे बनवून प्यायला देतात, तिथे त्याचे शनिवार जातात. माल्ट, हॉप्स, आयपीए, व्हीट ही सगळी बाराखडी मी त्याच्याकडून शिकलो. आमच्या वेळी बिअर दोनच प्रकारची असायची, थंड आणि गरम. फार झालं तर माइल्ड आणि स्ट्राँग.

चव मला पटली. ते आधी कबूल करून टाकतो. गव्हाची बिअर पहिल्यांदा प्यालो तेव्हा केळं आणि लवंगेचा वास आला, वाटलं ग्लास नीट धुतलेला नाही. तो वास यीस्टचा असतो, मुद्दाम आणलेला. दुसऱ्या वेळी तोच वास हवासा वाटला. भांडण चवीवरून नव्हतंच. भांडण त्याच्या तत्त्वज्ञानावरून होतं. गच्चीवर बसलो की तो सुरू करायचा. "मामा, प्रत्येक खरेदी म्हणजे एक मत असतं. तुम्ही किंगफिशर मागता तेव्हा कुणाला मत देता, माहीत आहे काय तुम्हाला?"

तीस वर्षं किंगफिशर पिणाऱ्या माणसाला हे असं कुणी विचारत नाही. राग आला म्हणून वाचायला बसलो. वाचून झाल्यावर राग राहिला, पण भाच्यावरचा गेला.

किंगफिशर म्हणजे आपली देशी बाटली अशी माझी समजूत. युनायटेड ब्रुअरीज १९१५ साली एका स्कॉटिश माणसाने दक्षिणेतल्या ब्रुअऱ्या एकत्र करून काढली. १९४७ मध्ये विठ्ठल मल्ल्या तिचे पहिले भारतीय संचालक झाले. मधली मल्ल्यांची दोन पिढ्यांची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. आणि २०२१ पासून कंपनीचा बहुतांश हिस्सा नेदरलँड्सच्या हायनेकेनकडे आहे. म्हणजे गोऱ्याकडून आपल्याकडे आणि आपल्याकडून पुन्हा गोऱ्याकडे. लेबलावरचा पक्षी तेवढा जागचा हलला नाही.

त्याच २०२१ च्या सप्टेंबरात भारतीय स्पर्धा आयोगाने युनायटेड ब्रुअरीज आणि कार्ल्सबर्ग इंडिया यांना मिळून सुमारे ८७३ कोटींचा दंड ठोठावला. २००९ ते २०१८ या काळात बिअर कंपन्यांनी आपसात बोलून दर ठरवले, असा आयोगाचा निष्कर्ष. साखळीतली तिसरी मोठी कंपनी, एबी इनबेव्ह. तिच्याकडूनच माहिती गेली होती, म्हणून तिला दंड पूर्ण माफ. आमच्या गल्लीतही हाच न्याय चालायचा. आंबे तिघांनी पाडायचे आणि मार दोघांनी खायचा.

म्हणजे कॅम्पातल्या बारमध्ये 'आज कुठली घेऊया' म्हणून आम्ही मित्र जो खल करायचो, त्या वर्षांत तिन्ही बाटल्यांचे मालक आमच्याआधीच एका टेबलाशी बसून उठलेले होते. भाचा म्हणतो ते मत मी देत होतो खरा. उमेदवार मात्र एकाच घरातले होते.

त्याला हे सांगितलं तर तो खूश. "बघा की! म्हणून तर लहान कंपनीची घ्यायची." मग मी त्याला लहान कंपन्यांचं वाचलेलं ऐकवलं. शिकागोची गूज आयलंड, क्राफ्टवाल्यांचं, म्हणजे लहान ब्रुअऱ्यांची बिअर पिणाऱ्यांचं दैवत. २०११ मध्ये एबी इनबेव्हने घेतली. कॅलिफोर्नियाची लॅगुनिटास २०१५ मध्ये अर्धी आणि २०१७ मध्ये पूर्ण हायनेकेनची झाली. बाटली तीच, चवही म्हणे तीच. शेवटी अमेरिकेतल्या लहान ब्रुअऱ्यांच्या संघटनेला त्याच वर्षी एक शिक्का काढावा लागला, उलट्या बाटलीच्या चित्राचा, हे सांगायला की आम्ही अजून विकले गेलेलो नाही. आपल्याकडची बिरा ९१ घ्या. त्यातला ९१ हा भारताचा फोन कोड. २०१५ मध्ये बाजारात आली तेव्हा ती बनून यायची बेल्जियममधून. भाचा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही बिअर पिऊलालाय की ऑडिट करूलालाय?"

बंगळूरला राहून त्याचं बेळगावी सुटलेलं नाही, एवढं बरं.

पण ऑडिट म्हटल्यावर मला राहवेना. उद्यमबागेत एका कारखान्यात हिशेब बघण्यात माझी हयात गेली. बाटलीच्या किमतीतला पैसा कुणाकुणाला जातो, हा प्रश्न मालकापाशी थांबत नाही. दारूला जीएसटी नाही, तिच्यावरचा कर प्रत्येक राज्याचा स्वतःचा. कर्नाटकात घाऊक विक्रेता एकच, सरकारी पेय महामंडळ, २००३ सालापासून. बाटली हायनेकेनची असो की कुणा हौशी पोराची, ती त्या डेपोतून फिरून येणार. जुलै २०२३ मध्ये बिअरवरची अतिरिक्त अबकारी १७५ टक्क्यांवरून १८५ टक्क्यांवर नेली, पुढेही वाढत गेली. राज्याला अबकारीतून वर्षाला ३० हजार कोटींच्या वर मिळतात. माझ्या पेल्यात सगळ्यात मोठा भागीदार कोण, याचं उत्तर ना आम्सटरडॅम ना लाटंबार्से. बंगळूर.

आणि इथे आमचं बेळगावचं जुनं दुखणं उपटतं.

शेजारचे काका. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पाठीवर लाठ्या घेतलेले. गावाचं नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारने 'बेळगावी' केलं, काकांच्या तोंडून ते आजवर निघालेलं नाही. किराणा मराठी माणसाकडून, भाजी ओळखीच्या बाईकडून, कपडा खडेबाजारात ठरलेल्या दुकानातून. बहिष्कार हा शब्द ते वापरत नाहीत. "आपला पैसा आपल्यात फिरूदे" एवढंच म्हणतात. भाच्याचं तत्त्वज्ञान काका पन्नास वर्षं जगत आले आहेत, फक्त त्यांना त्यासाठी इंग्रजी ब्लॉग वाचावे लागले नाहीत.

१ नोव्हेंबरला इकडे राज्योत्सव आणि आमचा काळा दिवस. सकाळी काका काळी फीत लावून सायकल फेरीला जातात. आणि संध्याकाळी, गेली कित्येक वर्षं, शिनोळीला. कारण, "आजच्या दिवशी यांच्या तिजोरीत एक पैसा टाकणार नाही." बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने अर्ध्या तासात महाराष्ट्र. एका वर्षी मलाही घेऊन गेले, माझ्याच स्कूटरवरून.

निघताना पंपावर थांबलो. काका म्हणाले, "टाकी फुल कर. तिकडं पेट्रोल महाग." मी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी पाहिलं नाही.

हद्द ओलांडली की पाट्यांची बोली बदलते. इकडे 'बार अँड रेस्टॉरंट', तिकडे 'परमिट रूम'. ते परमिट आलं १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून. दारू पिणं हा अपवाद, आणि अपवादाला परवाना लागतो, हे त्यामागचं गणित अजून कागदावर शाबूत आहे. तो कायदा एके काळी आमच्या बेळगावालाही लागू होता, कारण १९५६ पर्यंत आम्ही मुंबई राज्यात. त्या वर्षी राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला, चंदगड तालुका तेवढा वगळून. म्हणजे आम्ही बसलो होतो ते चंदगडातलं शिनोळी मुळात आमच्याच जिल्ह्यातलं. एक ओळ कायद्यात पडली आणि आमच्या दोन टेबलांचे पैसे दोन राजधान्यांना जायला लागले.

काकांनी तिथे किंगफिशर मागवली. मी बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी, पत्ता छत्रपती संभाजीनगरकडचा. काकांना दाखवली. "हां," म्हणाले समाधानाने, "आपली." मालकाचं नाव मी सांगितलं नाही. काळ्या दिवशी सत्तरीतल्या माणसाला हायनेकेन कोण हे समजावत बसायला मी काही भाचा नव्हे. तसंही बघायला गेलं तर बार्ली राजस्थानची, हॉप्स बहुतेक परदेशातले, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. तेवढं पाणीच काय ते स्थानिक.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना काजूची झाडं. चंदगडचा काजू सगळीकडे जातो, बोंडू मात्र बरेचसे झाडाखालीच कुजतात. घाटाच्या खाली गोव्यात त्याच बोंडूची फेणी होते, आणि २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. माती तीच, झाड तेच. 'स्थानिक' म्हणजे काय हे इथे झाडाला विचारून उपयोग नाही, अबकारी खात्याला विचारावं लागतं.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींनी हा सगळा हिशेब एका वाक्यात उरकला. मावशींचा नवरा पितो. बिअर नव्हे, रोज क्वार्टर. २०२३ च्या ऑगस्टपासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार मावशींच्या खात्यात येतात, कधी वेळेवर, कधी तीन महिन्यांचे एकदम. मी त्यांना गमतीने म्हटलं, "मावशी, सरकार दारूवर कर वाढवूलालंय." त्या ताट विसळत म्हणाल्या, "वाढवूदे की. त्याचं सरकार घेतंय, सरकारचं मी घेतो." आमच्याकडच्या बायका 'घेतो', 'जातो'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना ते विचित्र वाटतं. पण त्या दिवशी तो 'घेतो' मला फार ठसठशीत ऐकू आला.

त्यांची बहीण चंदगड तालुक्यात दिलेली. तिला जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे पंधराशे. पुढच्या जूनमध्ये महाराष्ट्रानेही दारूवरची अबकारी वाढवली. म्हणजे शिनोळीला काकांनी तत्त्वासाठी रिचवलेली बाटलीही फिरून कुणाच्या तरी बायकोच्या खात्यावर जाते, फक्त दर वेगळा. काकांसमोर हा विषय निघाला तेव्हा मावशी म्हणाल्या, "तिकडं पंधराशेच हाईत ओ काका. मी हिकडंच बरं." साठ-सत्तर वर्षांचा सीमाप्रश्न, महाजन आयोग, सर्वोच्च न्यायालयातला दावा, आणि समोर पाचशे रुपयांचा फरक. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पेपर वर धरला.

माझ्या घरातलं एक प्रकरण इथे आठवतं. ते सांगितल्याशिवाय भाच्यावर हसायचा मला हक्क नाही.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. डिसेंबर १९२४ च्या अधिवेशनासाठी ती खणली. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन, बेळगावचं. डिसेंबर २०२४ मध्ये शताब्दी म्हणून गावभर एवढी रोषणाई केली की विहीर दिवाळीसारखी दिसत होती. भाषणं झाली, फलक लागले. पण त्या अधिवेशनात मंजूर झालेली एक गोष्ट मला कुठल्या फलकावर दिसली नाही, ती म्हणजे वर्गणी. काँग्रेसचं सभासद व्हायचं तर पैसे नकोत, सूत द्या. महिन्याला दोन हजार वार, स्वतः कातलेलं.

विचार करा. खरेदीतून राजकारण करायचं, हे तर स्वदेशीपासून चालत आलेलं. इथे त्याच्या पुढची पायरी होती. विकत घेऊन सुटका नाही, हात चालवा. रोज अर्धा तास तरी चरख्यापाशी बसा, मग मत द्या. आता त्या ठरावातलं पुढचं वाक्य. आजारपण, अनिच्छा किंवा तसंच काही कारण असेल, तर तेवढंच सूत दुसऱ्या कुणी कातलेलं दिलं तरी चालेल.

अनिच्छा! ठरावात लिहिलेला शब्द आहे हा. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षाशी आधी कलकत्त्यात तडजोड झाली होती, त्यात तो शिरला. ज्यांना चरखा नको होता त्यांच्यासाठी मागचं दार. कातायची इच्छा नाही? हरकत नाही, विकत आणून द्या. आणि वर्ष उलटायच्या आत, सप्टेंबर १९२५ मध्ये, पाटण्याला ठरलं की सूत नको असेल तर वर्षाला चार आणे द्या. पुन्हा पैसा.

माझे आजोबा त्या वेळी विशीत होते, अधिवेशनात स्वयंसेवक. मंडपात पाणी वाहिलं, गांधीजींना दहा हातांवरून पाहिलं. ही गोष्ट ते आयुष्यभर सांगत. शेवटी हमखास एक वाक्य, "आणि वर्षभर मी सूत दिलं." त्यावर आतल्या खोलीतून आजीचा आवाज यायचा, "सासूबाईंनी कातलं." आजोबांना ते ऐकू येत नसे. पुढे खरोखरच कमी ऐकू यायला लागलं तेव्हाही आजीने तो संवाद चुकवला नाही.

पणजी सभासद नव्हती. तिला कुणी विचारलंही नसणार. घरचं सगळं आवरून ती रात्री चिमणीच्या उजेडात कातायची आणि मुलाच्या नावावर ते सूत जमा व्हायचं. आजोबांच्या देशभक्तीत खोट होती असं मला म्हणायचं नाही, त्यांनी पुढे तुरुंगही पाहिला. पण त्या एका वर्षीचं त्यांचं मत पणजीच्या बोटांतून आलेलं होतं, आणि पावती आजोबांच्या खिशात होती.

भाच्याला हे सांगितलं ते त्याच गच्चीवर. त्याने बंगळूरहून आणलेल्या बाटल्या होत्या, तीनशेतीस मिलीच्या, आमच्या साडेसहाशे मिलीच्या बाटलीच्या भावाला. मी म्हटलं, "तुझं हे अनिच्छेचं कलम आहे बघ. तुला मोठ्या कंपनीशी भांडायचंय, पण भांडण दुसऱ्या कुणीतरी कातून द्यायला पाहिजे. तू जादा पैसे मोजणार." तो चिडला. म्हणाला, "मग काय करायचं, घरी बनवू? तुम्ही तर तेवढंही करत नाही. तुम्हाला सगळंच सारखं दिसतं म्हणून तुम्ही सगळ्यात स्वस्त ते घेता, आणि वर हिशेब सांगता."

हे लागलं. कारण खरं होतं. मी मालकांची नावं शोधली, दंडाचे आकडे शोधले, कराची टक्केवारी पाठ केली, आणि पुढच्या शनिवारी कॅम्पात जाऊन काय मागवलं? तीच. सगळं कळूनही न बदलणं याला मी शहाणपण समजत होतो. काका निदान वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन तरी येतात. लाटंबार्शाची ती कंपनी उद्या कुणी विकत घेईल न घेईल, आज तिथे कुणीतरी टाकीपाशी उभं राहून काहीतरी वेगळं करून बघत आहे, आणि भाच्याचे पैसे त्याला मिळतात. सगळे नाहीत. थोडे. पण मिळतात. त्या थोड्याचं काय करायचं, हे माझ्या हिशेबाच्या वहीत कुठल्या रकान्यात बसत नव्हतं.

त्याला तसं म्हणालो मात्र नाही. "शेंगदाणे संपले," एवढंच म्हणालो आणि खाली गेलो.

सकाळी मावशी आल्या तेव्हा गच्चीवरच्या बाटल्या त्यांनीच गोळा केल्या. रिकाम्या बाटल्या त्यांच्या, हा आमच्या घरचा जुना करार. महिन्याकाठी भंगारवाला येतो. साडेसहाशेची तपकिरी बाटली तो नगावर घेतो, कारण ती परत धुऊन भरली जाते. मावशींनी माझी एक बाटली पिशवीत टाकली आणि भाच्याच्या चार बाजूला काढल्या.

"ह्या घेत नाही तो. वजनावर घेतो म्हणतोय, काचेच्या भावानं."

"का?"

"आकार येगळा. परत कोण भरतंय तेच्यात?"

भाचा दारात चहा घेऊन उभा होता. काही बोलला नाही. मावशींचं लक्ष खिडकीतल्या 'माका दी'कडे गेलं. मनीप्लँटने त्यात काही जीव धरला नव्हता, दोन पिवळी पानं आणि गढूळ पाणी. त्यांनी बाटली उचलली, वेल काढून कुंडीत खोचला, पाणी ओतून दिलं, आणि बाटलीचं तोंड पदराने पुसून उजेडात धरून पाहिलं, अगदी कणकुंबीच्या त्या शिपायासारखं.

"ही मी घेऊन जातो हं," त्या म्हणाल्या. "देवाच्या तेलाला बरी हाय."